थंडीत कोमट होणारं सोलर आणि जानेवारीअखेर आपोआप जाणारा बिघाड

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचाही प्रकार हाच आहे का ते कळेल. घर सांगलीत, विश्रामबागेत. गच्चीवर वीस नळ्यांचं सोलर. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा उजाडला की सकाळचं पाणी कोमट यायला लागतं, डिसेंबरात तर अंघोळीला गॅसवर पातेलं चढवावं लागतं आणि जानेवारी संपता संपता पाणी पुन्हा हात पोळण्याइतकं तापतं. मधे काही मोडलेलं नसतं, गळत नसतं. असं सलग चार थंड्या चाललं.

पहिल्या वर्षी प्लंबर आला, म्हणाला, "काका, बोअरचं पाणी आहे, क्षार धरलाय." ॲसिडने टाकी धुतली, अठराशे रुपये. आठ-दहा दिवसांत पाणी तापायला लागलं. दुसऱ्या वर्षी दोन नळ्या बदलल्या, पाणी तापलं. तिसऱ्या वर्षी "व्हेंट पाइपात हवा अडकलीय" असं निदान झालं आणि तेही लागू पडलं. तीन वर्षं तीन वेगळे रोग, तीन वेगळी औषधं आणि तिन्हींना गुण! इथेच मला शंका यायला हवी होती. प्लंबर बिचारा खोटं बोलत नव्हता. डिसेंबरात सगळ्यांचीच सोलर तक्रार करतात, त्यामुळे त्याची पाळी लागायची संक्रांतीनंतर. तो येऊन गेला की पंधरवड्यात दुखणं आपोआप बरं व्हायचं आणि श्रेय त्याला जायचं.

कोडं सुटलं ते आईच्या कॅलेंडरवरून. आई गॅस सिलिंडर, दुधाचे खाडे, मोलकरणीच्या सुट्ट्या असं सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते आणि जुनी कॅलेंडरं टाकत नाही. चौथ्या वर्षी सहज चाळली तर "सोलर गार" ही नोंद १२ नोव्हेंबरच्या आसपास आणि "सोलर बरं" ही ३० जानेवारीच्या आसपास, दर वर्षी, फार तर तीन-चार दिवस इकडेतिकडे. आता मोजा. १२ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर ३९ दिवस. २१ डिसेंबर ते ३० जानेवारी ४० दिवस.

क्षाराला २१ डिसेंबर कुठून माहीत असणार?

या पोस्टमधली कामाची गोष्ट एवढीच आहे, बाकीचा सगळा तपशील आहे. दर वर्षी येणाऱ्या कुठल्याही दुखण्याची सुरुवातीची आणि शेवटाची तारीख काढा. दोन्ही २१-२२ डिसेंबरपासून सारख्या अंतरावर असतील तर दुरुस्तीवाल्याला फोन करू नका, दक्षिणेकडे बघा. दोन्ही २१ जूनपासून सारख्या अंतरावर असतील तर उत्तरेकडे बघा. सूर्य २१ डिसेंबरला सगळ्यात दक्षिणेला जाऊन त्याच वाटेने परततो, म्हणून जाताना ज्या दिवशी तो एखाद्या भिंतीआड जातो, येताना तितक्याच दिवसांनी बाहेर येतो. नुसत्या थंडीने पाणी कोमट होत असतं तर तारखा अशा जुळल्या नसत्या. थंडी सूर्याच्या मागून रेंगाळत येते. आपल्याकडे जानेवारीतला गारठा डिसेंबरच्या मध्यापेक्षा कमी नसतो, उलट बऱ्याचदा जास्तच.

भिंत कुठली ते शोधायला मग वेळ लागला नाही. दक्षिणेच्या शेजारी अण्णांनी २०२१ च्या मे महिन्यात गच्चीवर खोली चढवली होती, वीस फूट लांब. सोलर तिच्या आधी सात वर्षं सुरळीत चाललेलं. तेव्हाच कसं लक्षात आलं नाही? कारण मे महिना. सांगलीचा अक्षांश १६.८५ अंश उत्तर. ७ मेच्या सुमारास दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो, सावली पायाखाली गडप होते. स्लॅब टाकला तेव्हा त्या खोलीची सावली माझ्या गच्चीवर जवळजवळ नव्हतीच, आणि जूनमध्ये तर ती दुपारी उलट अण्णांच्याच बाजूला, दक्षिणेला पडत होती. आपल्याकडे बांधकामं पावसाच्या आत उरकायची घाई असते, म्हणून भिंती उन्हाळ्यात उभ्या राहतात आणि त्यांची सावली सहा महिन्यांनी घरी येते. तोवर दोन्ही गोष्टींचा संबंध कोण लावतो!

आता आकडे. पृथ्वीचा आस २३.४४ अंशांनी कललेला आहे, त्यामुळे दुपारचा सूर्य वर्षभरात जवळजवळ ४७ अंश दक्षिणोत्तर झुलतो. (पृथ्वी सूर्यापासून लांब जाते म्हणून थंडी, हे अजूनही पुष्कळ जण सांगतात. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे ऐन थंडीत.) सांगलीत २१ डिसेंबरला दुपारी सूर्य दक्षिण क्षितिजापासून सुमारे ४९.७ अंश वर असतो, २१ मार्चला ७३ अंश, आणि २१ जूनला डोक्यावरून साडेसहा अंश उत्तरेला गेलेला. गवंड्याला अंश सांगून उपयोग नसतो, म्हणून मी फुटांत काढून ठेवलंय. १० फूट उंच भिंतीची भर दुपारची सावली, सांगलीत:

२१ डिसेंबर: साडेआठ फूट
२८ नोव्हेंबर आणि १४ जानेवारी: ७.९ फूट
१२ नोव्हेंबर आणि ३० जानेवारी: ६.९ फूट
२७ ऑक्टोबर आणि १५ फेब्रुवारी: ५.७ फूट
२३ सप्टेंबर आणि २१ मार्च: ३ फूट
२८ ऑगस्ट आणि १५ एप्रिल: सव्वा फूट
५ ऑगस्ट आणि ७ मे: शून्य
२१ जून: सव्वा फुटाला थोडी कमी, पण दक्षिणेकडे

अण्णांची भिंत माझ्या नळ्यांच्या खालच्या टोकापासून साडेनऊ फूट उंच आहे आणि त्या टोकापासून साडेसहा फूट अंतरावर. साडेनऊला ०.६९ ने गुणा, साडेसहा येतात. म्हणजे दुपारची सावली नळ्यांना पहिल्यांदा टेकते ती १२ नोव्हेंबरला. आईच्या नोंदीशी एवढं जुळलेलं बघून मी गच्चीवर एकटाच हसलो.

एक खाच मात्र आहे आणि बहुतेक जण तिथेच फसतात, मीही फसलो. दुपारची सावली वर्षात सगळ्यात लांब असते तेव्हासुद्धा माझ्या नळ्यांचा तळाचा पाचवा हिस्साच झाकायची. तेवढ्याने पाणी एवढं गार कसं? खरा फटका सकाळी आणि दुपार कलल्यावर बसतो. डिसेंबरात सूर्य पूर्वेला उगवतच नाही, पूर्वेपासून २५ अंश दक्षिणेला सरकून उगवतो, आणि तितकाच दक्षिणेला सरकून मावळतो. सकाळी साडेनऊला तो आग्नेयेला जेमतेम ३० अंशांवर असतो. त्या वेळी भिंतीची सावली उत्तरेकडे तिच्या उंचीच्या १.१२ पट पोचते. माझ्या बाबतीत ती पावणेअकरा फूट झाली आणि निम्म्या नळ्या अंधारात गेल्या. साडेतीनला पुन्हा तेच, नैर्ऋत्येकडून. म्हणून "दुपारी बाराला वर जाऊन बघितलं, ऊन चांगलं होतं" ही तपासणी कुचकामी आहे.

शिवाय बारा म्हणजे मध्यान्ह नव्हेच. आपली घड्याळं ८२.५ रेखांशावर चालतात आणि सांगली ७४.६ च्या आसपास आहे, म्हणून इथला सूर्य सरासरी ३२ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. त्यातही वर्षभर कमीजास्त होतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मध्यान्ह सव्वाबाराला, २१ डिसेंबरला साडेबाराला आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊण वाजता. घड्याळात बारा बघून मापं काढली तर सावली तिरकी मिळेल आणि दक्षिणोत्तर रेषा चुकेल.

याच कारणाने सकाळ-संध्याकाळचा हिशेब फसवा होतो. आपल्याकडे सूर्यास्त सगळ्यात लवकर होतो तो नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, आणि सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिरा उशिराच होत राहतो. सकाळी फिरायला जाणारी मंडळी जानेवारीतही "अजून दिवस लहान होतोय" म्हणतात ते यामुळे. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो हे आपण ऐकत आलोय, पण सूर्य मागे फिरतो तो त्याच्या तीनेक आठवडे आधी. मकर संक्रांत ताऱ्यांच्या राशीवरून मोजतात आणि अयनचलनामुळे (पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अगदी हळू फिरतो, त्यामुळे) आज त्या दोन तारखांत फरक पडलाय. वाढीचं तीळ हे माप मात्र अचूक आहे. १४ जानेवारीपर्यंत दुपारचा सूर्य जेमतेम दोन अंश वर चढलेला असतो. ११ डिसेंबर ते १ जानेवारी या तीन आठवड्यांत तर तो अर्धा अंशसुद्धा हलत नाही. त्याचा फायदा घ्या: मापं काढायला २१ डिसेंबरच हवा असं नाही, या तीन आठवड्यांतला कुठलाही रविवार चालतो.

मापं कशी काढायची. प्लास्टिकचा सरळ पाइप घ्या, बादलीत वाळू भरून त्यात उभा रोवा, वाळूच्या वर बरोबर एक मीटर ठेवा, ओळंब्याने उभा आहे ना ते बघा. मोबाइलमधल्या होकायंत्रावर विसंबू नका. स्लॅबमधल्या सळ्या आणि टाकीचा लोखंडी स्टँड त्याला भलतीकडे ओढतात. माझ्या गच्चीवर दोन कोपऱ्यांत दोन वेगळ्या उत्तर दिशा निघाल्या. त्यापेक्षा पाइपाभोवती खडूने एक वर्तुळ काढा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाच्या आत शिरताना एक खूण, दुपारनंतर बाहेर पडताना दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळाली. हे काही मी शोधलेलं नाही, सूर्यसिद्धांतात बारा अंगुळांचा शंकू, म्हणजे सरळ उभा खुंट, रोवून हेच करायला सांगितलंय. जुन्या पंचांगवाल्यांची "पलभा" म्हणजे विषुवदिनी (दिवस-रात्र सारखी असते तेव्हा) दुपारी पडणारी त्या शंकूची सावली. सांगलीची पलभा साधारण ३ अंगुळं ३८ व्यंगुळं (अंगुळाचा साठावा भाग म्हणजे व्यंगुळ) येते, साताऱ्याची ३ अंगुळं ५० व्यंगुळं. गावाचा अक्षांश सांगायची ही किती सुटसुटीत रीत होती! मध्यान्हीला डिसेंबरात तुमच्या एक मीटर पाइपाची सावली ८५ सेंटिमीटरच्या जवळ आली तर सगळं बरोबर लागलंय. नव्वदच्या वर आली तर पाइप कललाय किंवा गच्चीला उतार आहे, पुन्हा बघा.

मग भिंतीचं टोक ते नळ्यांचं खालचं टोक ही उंची काढा (भिंतीची पूर्ण उंची नको, नळ्या ज्या पातळीवर आहेत तिथून वरची) आणि तिला १.१२ ने गुणा. सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेतीन ऊन हवं असेल तर दक्षिणेकडचं अंतर किमान तेवढं लागतं. मला पावणेअकरा फूट लागत होते, होते साडेसहा. दोन वाटा होत्या: सोलर सव्वाचार फूट उत्तरेला सरकवायचं किंवा स्टँड उंच करायचा. उंच स्टँडला वाऱ्याचा धोका आणि टाकीतून गार पाणी सोलरपर्यंत चढायला पुरेसा दाब राहत नाही, म्हणून सरकवलं. पाइप वाढला तेवढ्यावर इन्सुलेशन चढवलं. अण्णांशी एक शब्द वावगा बोललो नाही. त्यांची खोली नियमात आहे आणि सूर्य त्यांनी हलवलेला नाही.

सरकवल्यावर डिसेंबरात मार्चसारखं पाणी मिळेल अशी आशा ठेवू नका. सांगलीत जूनमध्ये दिवस सुमारे १३ तास ८ मिनिटांचा, डिसेंबरात ११ तास ७ मिनिटांचा. ऊन दोन तासांनी कमी, शिवाय टाकीतलं पाणी मुळातच गार. पण पातेलं चढवायची वेळ गेल्या थंडीत आली नाही.

तारखा जुळत नसतील तर मात्र प्लंबरलाच बोलवा. पाणी हळूहळू वर्षभर बिघडत गेलं असेल तर क्षार. एखाद्या नळीच्या टोकाचा चंदेरी भाग पांढरट पडला असेल तर तिच्यातली निर्वात पोकळी गेली, ती नळी बदलायची.

या तारखांच्या युक्तीला एक अपवाद आहे आणि तो आपल्या पावसामुळे. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेला. मे लागला की ओट्यावर ऊन येतं आणि आमची ही दर वर्षी विचारते, उत्तरेच्या खिडकीत ऊन कसं? ७ मे ते ५ ऑगस्ट या तीन महिन्यांत सांगलीत सूर्य दिवसभर, उगवल्यापासून मावळेपर्यंत, आकाशाच्या उत्तर भागातच असतो. दक्षिणेच्या भिंतीला त्या काळात ऊन लागतच नाही. पण जूनमध्ये ढग भरून येतात, आणि २१ जूननंतरचा अर्धा भाग आपल्याला दिसतच नाही. म्हणून दुखणं "मे महिन्यात येतं, पाऊस आला की जातं" असं वाटतं आणि सगळे त्याला उकाडा म्हणून मोकळे होतात. त्या खिडकीला सज्जा वाढवण्यापेक्षा दोन्ही बाजूंना उभ्या फळ्या लावणं जास्त उपयोगी. कारण सकाळ-संध्याकाळचं खालचं ऊन बाजूने शिरतं, वरून नाही.

तासगावच्या आत्तेभावाचा बेदाणा तर असाच एका कोपऱ्यात तांबडा पडायचा. हिरवा बेदाणा सावलीतच वाळवावा लागतो, ऊन लागलं की रंग गेला आणि रंग गेला की भाव गेला. त्याचं शेड फेब्रुवारीत निर्दोष असायचं, एप्रिलमध्ये वायव्येकडच्या रॅकवरचा माल खराब. तो डिपिंग ऑइलला, म्हणजे वाळवण्याआधी द्राक्षं ज्यात बुडवतात त्या तेलाला, दोष देत होता. फेब्रुवारीत सूर्य सबंध दिवस दक्षिणेकडून असतो, म्हणून त्याने शेडनेट दक्षिणेला आणि पश्चिमेला बांधलेलं, उत्तर बाजू वाऱ्यासाठी उघडी. २१ मार्चनंतर सूर्य पश्चिमेच्या उत्तरेला मावळायला लागतो. १५ एप्रिलला तो सव्वाचारलाच पश्चिम रेषा ओलांडतो आणि पुढचे अडीच तास, पावणेसातच्या पुढे मावळेपर्यंत, उत्तरेच्या उघड्या बाजूने आत तिरपा येतो. ही मोजदाद होण्याआधी त्याने माल चार वेळा बदललेल्या तेलात बुडवून बघितला होता. आता मार्चच्या मध्याला उत्तरेच्या शेवटच्या दोन खणांना नेट बांधतो, बाकीची बाजू वाऱ्याला मोकळी. इथे तारखांची जोडी शोधून सापडली नसती, कारण ऑगस्टमध्ये शेड रिकामं असतं. तिथे दिवसाची वेळ विचारायची: ऊन कुठल्या तासाला लागतं?

साताऱ्याच्या मित्राने माझे आकडे जसेच्या तसे वापरले तर चाललं, कारण सातारा सांगलीच्या एक अंशही उत्तरेला नाही. डिसेंबरची सावली दहा फुटांना साडेआठऐवजी ८.७ आणि डोक्यावरचा सूर्य ७ ऐवजी १० मेला, एवढाच फरक. पण त्याचं घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, आणि किल्ला शहराच्या दक्षिणेला. डिसेंबरात सूर्य दोन्ही टोकांना दक्षिणेकडे झुकलेला असतो, तेव्हा डोंगराचा उतार सकाळ-संध्याकाळचं ऊन खातो. तिथे तक्ता पुरत नाही. हात लांब करून मूठ धरा, एक मूठ साधारण दहा अंश. डोंगराची कड किती मुठी वर आहे ते आग्नेयेपासून नैर्ऋत्येपर्यंत मोजत जा. कड तीन मुठींच्या वर गेली की साडेनऊ-साडेतीनचं ऊन गेलं असं समजा. डिसेंबरचा मध्यान्हीचा सूर्य पाच मुठींना थोडा कमी असतो.

शेवटी एक सावधगिरी, सोलर नवीन बसवणाऱ्यांसाठी. व्हिडिओ बघून अंतर ठरवत असाल तर तो कुठल्या गावचा आहे ते आधी बघा. डिसेंबरच्या दुपारी दहा फुटांच्या भिंतीची सावली कन्याकुमारीला सहा फूट, मुंबईत ९.२, नागपुरात ९.९ आणि दिल्लीत पावणेतेरा फूट पडते. दिल्लीचं माप सांगलीत लावलंत तर नुकसान काही नाही, नुसती गच्ची वाया जाईल. दक्षिणेकडच्या एखाद्या गावाचं लावलंत तर १२ नोव्हेंबरची वाट बघा. दिल्लीत सूर्य कधीच डोक्यावर येत नाही, कर्कवृत्ताच्या पलीकडे आहे ती. तिथल्या माणसाने "उत्तरेची खिडकी उन्हाळ्यात दुपारभर थंड" असं सांगितलं तर तो तिथे बरोबर आहे. आमच्या ओट्यावर मात्र काल दुपारी दीड वाजता ऊन होतं. फळ्यांचं माप सुताराला आजच देतोय.